माजी सैनिक आणि मनाचे उपचार : फौजी आणि त्यांच्या घरच्यांकडून नेहमी येणारे प्रश्न

आमचे नाना तोफखान्यात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या उपचारांच्या निमित्ताने मी पॉलिक्लिनिक, हॉस्पिटल, सैनिक कल्याण कार्यालय अशा इतक्या फेऱ्या मारल्या की आता ओळखीपाळखीतले फौजी आणि त्यांच्या घरचे मलाच फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. इथे एखाद्या गोळीचं नाव वाचलं म्हणून ती आपल्या मनाने सुरू करू नका, आणि चालू असलेली बंद तर मुळीच करू नका.

रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली. इतकी वर्षं काही नव्हतं, मग आता कसा त्रास होईल?

होऊ शकतो. नोकरीत असताना दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आखलेला असतो, आजूबाजूला पलटण असते, विचार करायला उसंत नसते. शिपाई माणूस चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. दोन-चार वर्षं घर बांधण्यात आणि मुलांच्या शिक्षणात जातात. मग कुठेतरी सिक्युरिटीची रात्रपाळी लागते, भावाभावांत बांधावरून कोर्टकचेरी सुरू होते, जुना जोडीदार गेल्याची बातमी ग्रुपवर येते, आणि दाबून ठेवलेलं वर येतं. लक्षणं सहा महिन्यांहून उशिरा पूर्ण दिसू लागली तर त्याला डॉक्टरांच्या पुस्तकात 'उशिरा दिसणारा' प्रकार असं वेगळं नावच आहे.

शिवाय त्रास आधीपासून असेल आणि दाखवला नसेल, हेही शक्य आहे. फौजेत 'शेप-वन', म्हणजे तब्येतीने पूर्ण तंदुरुस्त, असण्याला काय किंमत आहे ते फौजीच जाणे. त्यातला पहिला 'एस' मनाच्या प्रकृतीचा. तो घसरला की कॅटेगरी लागते, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली येतो, आणि पोस्टिंग, प्रमोशन सगळ्याला धक्का बसतो. वीस वर्षं जो माणूस 'ठीक आहे साहेब' म्हणत आला, तो रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी मन मोकळं करेल ही अपेक्षाच चूक आहे.

पीटीएसडी म्हणतात ते हेच का? आमच्यांनी तर प्रत्यक्ष लढाई पाहिलेली नाही.

पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार. पण प्रत्येक त्रास पीटीएसडी नसतो. उदासीनता, चिंतेचा आजार, दारूचं व्यसन, नुसता निद्रानाश असं काहीही असू शकतं, आणि दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात. पीटीएसडी हे निदान १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं. त्यात चार गोष्टी पाहतात. घडलेलं पुन्हा पुन्हा अंगावर येणं, म्हणजे स्वप्नं किंवा जागेपणी डोळ्यांसमोर चित्र उभं राहणं. त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं. मन मरगळणं, स्वतःला दोष देत राहणं. आणि सतत सावध, दचकलेलं असणं. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्याच्या आड आलं तर निदान होतं.

लढाईच हवी असं नाही. हिमस्खलनात माणसं दबलेली पाहणं, गाडी दरीत गेलेली पाहणं, पुरात मृतदेह काढणं, आपल्याच युनिटमधल्या कुणी आत्महत्या केलेली पाहणं, यातूनही होतं. याला लागूनच आणखी एक दुखणं असतं, ते भीतीचं नसतं, अपराधीपणाचं असतं. 'त्या दिवशी ड्यूटी माझी होती, बदलून घेतली, तो गेला.' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. त्यावरचा उपचार थोडा वेगळा असतो, म्हणून डॉक्टरांना ही गोष्ट सांगणं महत्त्वाचं.

सुरुवात नक्की कुठून करायची?

झोपेपासून. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. 'तुम्हाला मानसोपचाराची गरज आहे' असं म्हटलं की फौजी उठून जातो. 'रात्री दोनला उठून फाटक तपासता, त्यावर काहीतरी औषध बघू' असं म्हटलं की येतो. यात फसवणूक नाही, कारण झोप हे या बहुतेक आजारांचं खरंच पहिलं दार आहे.

पेन्शनर असेल आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा. ही योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे, देशभरात चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत, आणि कार्डावर पत्नी व अवलंबून असलेले घरचेही येतात. म्हणजे फौजीच्या बायकोला स्वतःसाठी मानसोपचार हवे असतील तरी हेच दार. पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ बसत नसेल तर तिथले मेडिकल ऑफिसर रेफरल देतात, लष्करी हॉस्पिटलसाठी किंवा पॅनलवरच्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या, खासगी हॉस्पिटलसाठी. रेफरल असेल तर पॅनलवरच्या हॉस्पिटलात पैसे भरावे लागत नाहीत.

रेफरलचा कागद हातात आला की खिडकीपाशीच उभं राहून वाचा. आम्ही वाचला नव्हता. नानांना डोकेदुखीही होती, त्यामुळे कागदावर मेंदूविकार विभाग लिहिला गेला. सकाळी सहाच्या एसटीने निघून हॉस्पिटलला पोचलो, तर काउंटरवरच्या मुलाने कागद परत केला : 'हा दुसऱ्या डिपार्टमेंटचा आहे.' परत जाऊन नवा कागद आणायला पुढचा आठवडा उजाडला, आणि त्या आठवड्यात नानांचा 'जाऊ दे, मला काही झालेलं नाही' चा पाढा पुन्हा सुरू झाला. कागदावर मानसोपचार विभाग आहे का, हॉस्पिटल पॅनलवर त्याच विभागासाठी आहे का, आणि रेफरलची मुदत किती, या तीन गोष्टी बघा. औषधांबरोबर मानसशास्त्रज्ञाकडच्या बैठका हव्या असतील तर तेही आधीच बोला आणि कागदावर येईल असं पाहा.

तातडीची वेळ आली तर रेफरलची वाट बघायची नाही, थेट जवळच्या हॉस्पिटलला न्यायचं. हॉस्पिटल पॅनलवरचं नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिल अडकतं.

पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. मग?

मग सरकारी जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि औषधं मिळतात. मोठ्या उपचारांसाठी महाराष्ट्रात ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतला मानसोपचार विभाग मला त्यातल्या त्यात बरा पर्याय वाटतो. तिथे गर्दी असते, पण बाकीचे सगळे विभाग एकाच छताखाली असतात.

कुठेही न जाता आधी फोनवर बोलता येईल का?

हो. टेलिमानस, १४४१६. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीसह वीस भाषांत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे. संरक्षण दलांसाठी तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. 'ते बोलणार नाहीत, पण मी काय करू' हा प्रश्न तिथे रोजचाच असतो.

ते डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत.

जबरदस्ती करू नका आणि रोज रोज विषयही काढू नका. बऱ्याचदा मुलापेक्षा पलटणीतल्या जोडीदाराचं ऐकतात. ज्याने स्वतः उपचार घेतलेत असा एखादा जुना साथीदार किंवा सुभेदार साहेब असतील तर त्यांना चहाला बोलवा. आमच्याकडे काम झालं ते असंच. मी वर्षभर डोकं आपटत होतो, आणि एका निवृत्त नायब सुभेदारांनी अंगणात बसून 'मीही खातो रे गोळी, त्यात काय' एवढंच म्हटलं.

गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का? गोळ्यांची सवय लागते म्हणतात.

सवय लागणाऱ्या गोळ्या आणि मूळ आजारावरच्या गोळ्या वेगळ्या. हा गोंधळ इतका पसरलाय की अर्धे लोक त्यापायीच उपचार सोडतात.

पीटीएसडी आणि उदासीनतेवर सहसा सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या जातीची औषधं देतात. त्यांची नशा नसते, डोस वाढवत न्यायची ओढ लागत नाही. मात्र अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते, म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात पोट बिघडणं किंवा अस्वस्थ वाटणं असे त्रास आधी येतात. 'दहा दिवस खाल्ली, काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे फौजी मी बरेच पाहिलेत. गोळी लागू पडली तर बरं वाटू लागल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवतात, मग थांबवण्याचा विचार करतात. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक दुष्परिणाम आहे. तो कुणी सांगत नाही, गोळी मात्र गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं.

सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांची. पीटीएसडीवर त्या देऊ नयेत अशीच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. दारूबरोबर तर त्या जिवावर बेततात. मेडिकलवाल्याने ओळखीत दिलेली 'झोपेची साधी गोळी' वर्षानुवर्षं चालू असेल तर ती पट्टी डॉक्टरांना दाखवा, पण तीही एकदम तोडू नका.

वाईट स्वप्नांसाठी कधी प्राझोसिन देतात. हे मुळात रक्तदाबाचं औषध. काहींना छान लागू पडतं, पण २०१८ साली छापून आलेल्या अमेरिकन माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नव्हता, तेव्हा फार आशा ठेवून जाऊ नका. उठताना चक्कर येते, पहिला डोस रात्री आडवं होण्याआधी घ्यायचा असतो.

नुसतं बोलून काय होणार?

नुसतं बोलून काही होत नाही, हे खरंच आहे. 'पॉझिटिव्ह राहा, जुनं विसरा' असं सांगणारं समुपदेशन पीटीएसडीला पुरत नाही. पण आघातावरच काम करणाऱ्या ठरावीक पद्धती आहेत, आणि त्यांचा परिणाम गोळ्यांपेक्षा वरचा मानला जातो. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या २०२३च्या तत्त्वांत त्यांना औषधांच्या आधी जागा आहे.

पहिली पद्धत, ज्या आठवणीपासून माणूस पळतो तिच्याकडे हळूहळू वळण्याची. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येकी दीड तासापर्यंत. डोळे मिटून घडलेलं वर्तमानकाळात सांगायचं, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, आणि टाळलेल्या जागी ठरवून जायचं. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला सोडून देण्याचा मोह होतो, आणि नेमकं तेव्हाच सोडायचं नसतं. दुसरी पद्धत बारा बैठकांची. तिच्यात 'माझ्यामुळेच तो गेला' यासारखे घट्ट बसलेले विचार कागदावर मांडून तपासतात. अपराधीपणाने पोखरलेल्या माणसाला ही जास्त मानवते असं मला दिसलं. तिसरी ईएमडीआर, १९८७ पासून वापरात आलेली. तिच्यात आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या बोटाच्या हालचालीबरोबर डोळे हलवायचे. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण तिच्यामागे बरेच अभ्यास आहेत.

मानसशास्त्रज्ञाला पहिल्याच भेटीत सरळ विचारा : 'तुम्ही आघातावरची कोणती पद्धत शिकलात? किती बैठका?' उत्तर गोलमोल आलं तर दुसरं दार बघा.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही. नाना झोपेत हिंदीत ओरडतात. घरात आयुष्यभर मराठी, पण हुकूम हिंदीत, वायरलेसवरचं बोलणं हिंदीत, मरणारा जोडीदारही हिंदीत बोलला. पहिल्या मॅडम 'मराठीत सांगा ना, मोकळेपणाने' म्हणत राहिल्या आणि नाना गप्प. एका बैठकीत त्या सहज हिंदीत बोलल्या आणि नाना चाळीस मिनिटं थांबले नाहीत. आठवण ज्या भाषेत साठली असेल त्या भाषेत सांगू द्या.

झोप हाच मुख्य त्रास असेल तर तिच्यासाठीही वेगळी, गोळ्यांशिवायची पद्धत आहे, चार ते आठ बैठकांची. तिच्यात अंथरुणात पडून राहण्याचा वेळच आधी कमी करतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर ती तपासणी आधी करून घ्या, कारण ते असेपर्यंत बाकी उपचार अर्धेच लागू पडतात.

कॅन्टीनचा कोटा घरात असतोच. दारूचं काय?

आधी दारू सोडा, मग मनावर उपचार करू, असं काही डॉक्टर अजूनही म्हणतात. दोन्ही एकत्रच करायला हवं, कारण बऱ्याच जणांची दारू झोपेसाठीच सुरू झालेली असते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत शपथ घेऊन बंद करू नये. पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं, भ्रमिष्टपणा असं काहीही होऊ शकतं, माणूस दगावतोही. ते काही दिवस हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे. त्यानंतर ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात. डायसल्फिरॅम मात्र माणसाला न सांगता आमटीत मिसळून देऊ नका. वर दारू प्यायली गेली तर जिवाला धोका होतो. हा उद्योग घराघरांत चालतो म्हणून मुद्दाम लिहितोय.

घरात परवान्याची बंदूक आहे आणि ते 'आता पुरे झालं' असं बोलतात.

बँकेत गार्डची नोकरी करणाऱ्या कितीतरी फौजींकडे स्वतःची बारा बोअर असते. हे बोलणं मनावर घ्या. सरळ विचारा : 'जीव द्यायचं मनात येतं का? कसं करायचं ठरवलंय का?' विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. बंदूक त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्या. परवान्याचं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. 'साफसफाईला देऊ' म्हणून न्या, हवं तर. कीटकनाशकं आणि गोळ्यांचे साठेही कुलपात. एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा, वेळ अगदीच जवळ आली असेल तर ११२.

आत्महत्येचा प्रयत्न झालाच तर केस होईल या भीतीने हॉस्पिटल टाळू नका. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतो, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, उरलेलंच नाही.

गावात कळलं तर? पेन्शन बंद होईल का?

रिटायरमेंटनंतर उपचार घेतल्याने सेवा पेन्शन बंद होत नाही. त्याच २०१७च्या कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि आजार आहे म्हणून कुणाला वेडा ठरवता येत नाही, त्याला कोर्ट लागतं. आपण आजारी असताना निर्णय कुणी घ्यायचे हे आधीच लेखी देऊन ठेवता येतं. बंदुकीच्या परवान्याला मात्र मानसिक प्रकृतीचा दाखला लागतो, ते खोटं कशाला सांगू. गार्डची नोकरी त्यावर असेल तर डॉक्टरांशी उघड बोला.

गावाचं म्हणाल, तर गावाला आधीच माहीत असतं.

या आजारासाठी डिसॅबिलिटी पेन्शन मिळते का?

मिळू शकते. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला हे मानलं जावं लागतं, आणि प्रमाण किमान २० टक्के. सुटताना मेडिकल बोर्डात काय नोंद झाली यावर बरंच अवलंबून. धरमवीर सिंह प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर संशयाचा फायदा सैनिकाला, आणि नाकारायचं तर बोर्डाने कारणं द्यायची. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, त्यामुळे सुटल्याची तारीख आधी पाहा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), बोर्डाचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पुढची पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. पण पेन्शनच्या निकालासाठी उपचार थांबवू नका. असं करणारे निघतात.

भगत, योग, विपश्यना, यूट्यूबवरचे नवे उपचार?

देवदर्शनाला, देवऋषीकडे जायचं तर जाऊन या, गोळी चुकवू नका. योग, चालणं, शेतात राबणं चांगलंच. दहा दिवस मौनात बसायचं शिबिर मात्र ज्याच्या डोळ्यांसमोर अजून चित्रं येतात त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, शांततेत तीच चित्रं जोरात येतात. शॉक ट्रीटमेंटचं नाव ऐकून पळू नका. ती आता भूल देऊनच करायची असा कायदा आहे, आणि तीव्र उदासीनतेत ती जीव वाचवते. एमडीएमए या नशेच्या पदार्थाने पीटीएसडीवर उपचार करण्याच्या चर्चा वाचल्या असतील, त्याला अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारली.

घरात आम्ही कसं वागायचं?

झोपलेल्याला हात लावून उठवू नका. आमच्याकडे आई दारातून, उजेड लावून, नावाने हाक मारते. काय पाहिलंत ते सांगा म्हणून खोदू नका, सांगू लागले तर मध्ये बोलू नका. हात उगारला जात असेल तर ते आजाराच्या नावावर खपवून घेऊ नका. बाहेर पडा, मदत मागा, आजार आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

ईसीएचएस कार्ड, रेफरल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुने मेडिकल कागद. आणि दोन आठवड्यांची झोपेची वही. नानांना 'डायरी लिहा' म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. ड्यूटी रजिस्टर म्हटल्यावर रेघा मारून लिहिलं : '२२०० आडवा. ०१३० जाग. ०१४० फाटक चेक. ०२०० मागचं दार. ०४१५ झोप.' चौदा दिवस, चौदा ओळी. डॉक्टरांनी वही वाचली, मिटली नाही, समोरच ठेवली आणि विचारलं, 'फाटकाबाहेर कोण असतं?'